चिखल न धरणारा बूट

अकोल्यात जठारपेठेत माझं चपला-बुटांचं दुकान आहे, आणि गावाबाहेर एक लहानसा कारखाना. तिथे शाळेचे काळे बूट तयार होतात. दोन्ही मी उभे केले. माहेर हिवरखेडचं, माळ्याचं. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, हे आमचं धन. बाजारात टोपलीमागे बसून मी भाव करायला शिकले, त्यामुळे समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत तो कुठपर्यंत खाली येणार हे मला कळतं. अमरावतीत मी एक व्यवहार केला. तो व्यवहार होता हेच आता कोणी मानत नाही. एक बूट मी स्वतः डोकं लावून घडवला आणि तो मी घडवला एवढंच चार लोकांनी म्हणावं, इतकीच माझी किंमत होती. ती मला मिळाली नाही. वर लोक म्हणतात, तुमचा तर सत्कार झाला.

सुरुवात एका भांडणापासून झाली. भर पावसाळ्यात कॉलेजचा एक पोरगा दुकानात शिरला आणि फुटबॉलचे बूट त्यानं काउंटरवर आपटले.

"काकू, हे बदलून द्या."

"काय झालं? फाटले का?"

"फाटले नाही. हे पाहा." त्यानं बूट उलटा केला. तळव्यावर काळ्या चिखलाचा थर बसला होता, चांगला जाड, कडेपर्यंत. "जरासं पळालं का पायाले भाकर चिकटते. आता मी गोल करू का भाकरी वाटू?"

"माती तुमच्या मैदानाची, बूट कंपनीचा. मी मधात कुठं आली?"

"पैसे घ्याच्या टाइमाले तं मधातच होत्या तुमी."

मी त्याला बुटांसकट बाहेर काढला. चिखल मात्र काउंटरवर राहिला. तो वाळल्यावर मला सुरीनं खरवडावा लागला आणि खरवडताना मला आमचा मळा आठवला. आम्ही पावसात शेतात चपला घालत नसू. हातात धरून चालायचो. ही माती चपलेला गोळा होऊन बसते, मग दुसरा गोळा पहिल्यावर बसतो, आणि माणूस वीतभर उंच होऊन लंगडत चालतो. अनवाणी पायाला तेवढी चिकटत नाही. पोरगा उद्धट होता, पण खोटं बोलत नव्हता. कंपनीचे बूट बाहेरदेशी हिरवळीसाठी होतात. तळव्याचे खुंट जवळजवळ, मधला भाग कडक. आमची माती त्या फटीत शिरली की सिमेंट होते. आणि आमच्या भागात फुटबॉल खेळतात तो नेमका पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून दगड होते.

मला वाटलं, हा बूट आपण करायचा. शाळेचा बूट करणारी बाई फुटबॉलचा का करू शकणार नाही?

पहिल्यांदा माझं डोकं ट्रॅक्टरच्या चाकावर गेलं. चिखलात ट्रॅक्टर चालतो, त्याच्या टायरचे दात तिरपे असतात, माती बाजूला फेकतात. अकोटला जुन्या टायरवर नवं रबर चढवणारा एकजण ओळखीचा होता. त्याच्याकडून तसेच तिरपे दात असलेले तळवे दाबून घेतले, बूट शिवले, आणि नवऱ्याला घालून कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर पाठवलं. पाऊस पडत होता. तो छत्री घेऊन चिखलात फेऱ्या मारत होता आणि शेजारच्या गोदामाचे हमाल बघत उभे होते.

"कसं वाटून राहिलं?" मी ओसरीतून विचारलं.

"ट्रॅक्टरसारखंच," तो म्हणाला. "डिझेल टाकाचं तेवढं राहिलं." त्यानं पाय वर केला. भाकर होती तशीच होती, फक्त तिच्यावर आता नक्षी आली होती.

मी त्या दिवशी सगळ्यांवर ओरडले. अकोटवाल्यावर फोनवरून, नवऱ्यावर समोरून. चूक त्यांची नव्हती. चाक गरगर फिरतं म्हणून माती फेकतं. पाय फिरत नाही, उचलला जातो आणि ठेवला जातो. शेतात वाढलेल्या माणसाला चिखल म्हटला की ट्रॅक्टरच सुचतो, त्याला कोण काय करणार.

उत्तर मला दुकानासमोर सापडलं. तिथे इमारतीचं काम चालू होतं. मजूर संध्याकाळी घमेली साफ करायचे. लोखंडी घमेल्याला चिकटलेला सिमेंटचा माल ठोकून ठोकून काढावा लागे. रबरी घमेलं मात्र बाई नुसतं दोन्ही हातांनी दुमडायची, की वाळलेला माल तडकून खाली. मी गिऱ्हाईक तसंच ठेवून बाहेर गेले आणि तिच्या हातातलं घमेलं घेऊन दुमडून पाहिलं. ती म्हणाली, "बाई, पाहिजे असन तं नवं घ्या ना, हे फुटकं हाय."

तळवा दुमडला पाहिजे, बस. पाय टाकताना माणसाचं पाऊल वाकतंच. तिथलं रबर पातळ आणि मऊ असलं, खुंट कमी आणि एकमेकांपासून दूर असले, बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळते असले, तर प्रत्येक पावलाला चिखल आपोआप सुटेल. साचा करणाऱ्याशी मी भांडून भांडून तळव्याचा साचा चार वेळा बदलून घेतला. तळवा मऊ केला तर खुंट आतून पायाला टोचायचे. मग आत कडक कॅनव्हासचा थर दिला, पण तो फक्त टाचेखाली आणि चवड्याखाली, मधे नाही. लेसखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकली, म्हणजे गढूळ पाणी आत शिरणार नाही. वरचा भाग शाळेचे बूट शिवणाऱ्या बायकांनीच शिवला. बूट जरा जड झाला, ते मला माहीत आहे. नवऱ्याला परत प्लॉटवर पाठवलं. या वेळी तो छत्री न घेता पळाला. परत आला आणि तळवा वर करून दाखवला. खुंटांच्या मधे रबर दिसत होतं.

बुटाच्या बाजूला मी माझी साळुंकी छापली. माझ्या शाळेच्या प्रत्येक बुटावर ती असते, पिवळ्या चोचीची. अकोला जिल्ह्यात असं घर कमी असेल जिथे एका तरी लेकराच्या पायात ती गेली नाही.

आता बूट खेळाडूच्या पायात दिसायला हवा होता. अमरावतीच्या एका टीमचे सर मला कोणीतरी सुचवले. कॉलेजची पोरं, शहरातल्या एका मंडळाची पावसाळी स्पर्धा खेळणार होती, काळ्या मातीच्या मैदानावर. मी बसनं अमरावतीला गेले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आमचं बोलणं झालं.

"मॅडम, ट्रायल म्हणून देऊन टाका," सर म्हणाले. "चांगले निघाले तर आम्ही सांगू सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही. माईकवरून सांगायचं. सामना सुरू व्हायच्या आधी. हे बूट अकोल्यात तयार झाले आणि या बाईनं केले. आणि साळुंकी दिसली पाहिजे."

"मोजे द्याल ना सोबत?"

"मोजे नाही."

"मग राखीव पोरांचे जोड?"

राखीव पोरांचे जोड मी पिशवीत आणलेलेच होते. तरी ते द्यायला मी चहा निवेपर्यंत कुरकुर केली, म्हणजे त्यांना आपण काही मिळवलं असं वाटावं. आम्ही हात मिळवला. बाजारात माझा आयुष्यभराचा धंदा शब्दावर चालला आहे. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "लिहून घेतलं का काही?" मी म्हटलं, मास्तर माणूस आहे.

पहिल्या सामन्यानंतर सरांचा फोन आला. जिंकले. बूट एक नंबर. पोरं खूश.

"माईकवर सांगितलं?"

"सांगितलं ना, थोडंसं."

त्या थोडंशानं माझी झोप खाल्ली. पुढच्या सामन्यानंतरही तेच ऐकलं. अंतिम सामन्याला मी नवऱ्याला घेऊन स्वतःच गेले.

सकाळपासून भुरभुर चालू होती. मैदान काळं, चकचकीत, मधे मधे पाणी. एका बाजूला ताडपत्रीचा मंडप, त्यात माईकवाला. आमच्याकडे सामना जितका पायांनी खेळतात तितकाच माईकवर खेळतात, आणि हा माईकवाला तोंडाचा पक्का होता. "मंडळी, दहा नंबरच्या पायात पाहून घ्या. परदेशी कंपनीचा बूट हाय. चिखल म्हणते मी येतो, बूट म्हणते आज टाइम नाही." लोक हसले. मी मान लांब करून पाहिलं. जिथे साळुंकी असायला हवी होती तिथे रुपेरी चकाकतं काहीतरी होतं. त्या जगप्रसिद्ध कंपनीची खूण, गाड्यांवर नंबर चिकटवतात त्या रेडियमच्या कागदातून कापलेली.

"आपले नोहे वाटते," नवरा म्हणाला.

"आपलेच आहेत. शिवण बघा."

आणि काय चालले होते ते बूट. समोरची पोरं चेंडू बाहेर गेला की वाकून बोटांनी गोळे काढत होती. त्यांचा एकजण गोलखांबाला तळवा घासत उभा होता. आमची पोरं थांबत नव्हती. पाय उचलला की तळव्यातून ढेपळं गळताना मला लांबून दिसत होती. दहा नंबरनं चेंडू घेऊन एकदम वळण घेतलं. त्याच्या अंगावर आलेल्या पोराला वळताच आलं नाही, दोन्ही पायांच्या भाकरींनी तो जागीच खाली बसला. गोल. मी शिट्टी मारली. बाजारातल्या बाईची शिट्टी, मंडपापर्यंत गेली असेल.

तेवढ्यात आमच्याच एका पोराच्या बुटाचं नाक उघडलेलं दिसलं. तळवा पुढून सुटला होता, तोंडासारखा. चिकटवणीचा दोष. क्षणभर मला बरं वाटलं की साळुंकी झाकलेली आहे. आणि असं वाटलं म्हणून मी जास्तच भडकले, आणि उठून मंडपात गेले.

माईकवाल्यानं माझ्याकडे पाहून माईकवर हात ठेवला. "लेकरू हरवलं का, ताई? कपडे कोनत्या रंगाचे सांगा."

"लेकरू नाही. तुम्ही बुटाचं चुकीचं सांगून राहिले. तो बूट मी केला. अकोल्यात."

त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "सरायले बोला ना मंग. मले जे दिसते ते मी सांगतो. तिथं कंपनी दिसून राहिली."

मध्यांतरात मी टीममध्ये घुसले. पोरं कोंडाळं करून बसली होती, सर केळी वाटत होते.

"हा काय प्रकार आहे?"

सर म्हणाले, "मॅडम, सामना संपल्यावर बोलू."

सामना संपल्यावर कोणी बोलत नसतं. माल हातात असेपर्यंतच बोलणं होतं, हे मी दहाव्या वर्षी शिकले. "आत्ता बोलू. आपलं काय ठरलं होतं?"

बोलला तो दहा नंबर. तोच कप्तान होता. "काकू, बुटाले आमी नाव नाही ठेवत. बूट भारी हाय. पण ते साळुंकी. पहिल्या म्याचले उतरलो तं सारी पब्लिक वरडे, साळुंकी आली रे, प्रार्थनेची घंटी झाली. गोलकीपरले म्हणे, डब्बा आनला का बे. असं कोन खेळन?"

बाकीचे खाली मान घालून हसत होते. एकजण पुटपुटला, "माह्या पायात चौथीपर्यंत साळुंकीच होती."

ज्या चित्रावर मी घर बांधलं, त्याची यांना लाज वाटत होती, आणि कारण हेच की ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मी आणखी मोठ्यानं बोलले. "काढा ते कागद. नाहीतर बूट काढा. तुमचे जुने घालून खेळा, पब्लिकले तेही पाहू द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, मग पोरांना म्हणाले, "काढा रे."

पोरांनी नखानं कागद सोलले. ओला बूट, चिवट गोंद. कागद निघाला आणि त्याच्या पाठीवर माझी साळुंकी उलटी निघून आली, चोचीसकट. एकेका बुटावरून अशीच. शेवटी सगळे बूट कोरे. कप्तानानं तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "घ्या काकू, तुमचं हे." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटलं, मला ते परत हवं असेल.

मध्यांतरानंतर माईकवाला म्हणाला, "मंडळी, बुटावरची कंपनीच बुडाली वाटते. पन पाय चालू हाय." आमच्या टीमनं आणखी एक गोल केला आणि चषक जिंकला. चिखलानं माखलेल्या पोरांना लोकांनी खांद्यावर घेतलं. माझ्या आजूबाजूला लोक एकमेकांना विचारत होते, बूट कुठचे रे? मी सांगत होते, माझे, अकोल्याचे. ते म्हणत, हो का, आणि पुन्हा मैदानाकडे बघत.

बक्षीस समारंभात सरांनी माईकवाल्याच्या कानात काही सांगितलं. मला वाटलं, चला, माणूस शब्दाला जागला. माईकवाल्यानं घसा साफ केला.

"आता एक विशेष सत्कार. आपल्या टीमले फुटबॉलचे बूट सप्रेम भेट देनाऱ्या अकोल्याच्या दानशूर ताई. सोबत त्याईचे मिस्टर. दोघंही मंचावर या."

नवरा हात जोडून उभाही राहिला होता. मला कोणीतरी पुढे ढकललं. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला, फोटो निघाला. मी सरांना दातांमधून विचारलं, "भेट? मी केले म्हणून सांगायचं ठरलं होतं."

तेही फोटोकडे बघत हसत म्हणाले, "तयार केले म्हटलं की जाहिरात होते, मॅडम. जाहिरातीला मंडळ पैसे मागतं. भेट म्हटली की फुकटात सांगता येतं. तुमचंच भलं पाहिलं मी."

हे त्यांनी खरंच माझ्या भल्यासाठी केलं, हेच मला सहन होत नाही. चोरी केली असती तर मी भांडले असते. नारळ हातात घेऊन दानशूर बाईला भांडता येत नाही. बसमध्ये नवरा म्हणाला, "नाव तं झालं ना तुह्यं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तेच काळं रान, पाण्यात डबडबलेलं, माझ्या बुटासाठीच घडवल्यासारखं.

त्यानंतर मी स्वस्थ बसले नाही. नाकाचा दोष काढला, तळवा वरच्या भागाला चिकटवून पुन्हा दोऱ्यानं शिवला. आतला कॅनव्हास पातळ घेतला, तसा बूट थोडा हलकाही झाला. दुकानाच्या काचेत पुढे मांडला. आणि फोन येऊ लागले. तेल्हाऱ्याहून, दर्यापूरहून, अकोटहून. प्रत्येक फोन मी ऑर्डर लिहायला पेन हातात घेऊनच उचलायचे. ताई, आमची पण गरीब टीम हाय. ताई, आमच्याकडे पण सत्कार ठेवतो. एका मंडळानं तर पाहुणी म्हणून कोणाच्या शेजारी बसवणार तेही सांगितलं.

मागच्या आठवड्यात हिवरखेडची टीम आली. माझ्या माहेरची पोरं. स्वतः दुकानात आली, म्हणून मला वाटलं ही घेणार. त्यांच्या म्होरक्यानं काचेतला बूट काढला, तळवा दुमडला, खुंटांमधून बोट फिरवलं. जाणणाऱ्यासारखा.

"आत्या, हाच ना तो? आमी अमरावतीले होतो पाहाले. चिखल धरत नाही हा. मंधात दुमडते म्हणून."

इतक्या लोकांत हे पहिल्यांदा कोणी बरोबर सांगितलं. माझा आवाज मऊ झाला. "अंदर टाचेले कॅनव्हास हाय. हात घालून पाह्य."

त्यानं हात घालून पाहिलं आणि मान हलवली. "असा बूट नाही भेटत कुठंच. कंपनीचा बी नाही."

"मंग किती जोड बांधू?"

तो मागे वळला. एका पोरानं पिशवीतून शाल काढली, दुसऱ्यानं नारळ. घरून निघतानाच आणलेले. म्होरक्या शालीची घडी मोडत म्हणाला, "उभ्या राहा ना आत्या. इथंच करून टाकतो."

"बूट विकत हायेत," मी म्हटलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. म्होरक्याला राग आलेला दिसत नव्हता, नुसता गोंधळला होता. "विकत?" तो म्हणाला. "अमरावतीवाल्याईले तं तुमी फुकट देल्ले. ते तं परके. आमी माहेरचे."

मी त्याला सगळं सांगायला बसले. टपरी, चहा, माईक, शब्द, साळुंकी. चांगला अर्धा तास. ती पोरं बाकावर बसून शांतपणे ऐकत होती, थोरल्या माणसाचं ऐकतात तशी. सांगून झाल्यावर म्होरक्यानं बूट परत काचेत ठेवला, नीट, टाचा जुळवून.

"म्हणजे त्याईनं नाव घेतलं असतं तं फुकट देल्लेच असते ना तुमी?"

"हो."

"मंग आमी घेतो ना नाव," तो म्हणाला. "कोनाच्या पुढं घ्याचं ते सांगा."

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक बाई मुलीसाठी शाळेचे बूट बघत होती. मी पोरांना म्हटलं, "निघा."